पडदा हिरवा होता

आमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा जिलबी गरम असेपर्यंत संपते. असा काही पोटनियम नाही, पण हा रिवाज पोटनियमांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळला जातो. अध्यक्ष बाळगोंडा पाटील, म्हणजे सगळ्यांचे आण्णा, माइकवर दोन टिचक्या मारतात, पहिला विषय वाचायला तोंड उघडतात आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या खुर्च्यांवरून ‘मंजूर! मंजूर!’ सुरू होतं. आमच्या शिरोळ तालुक्यात दूध सहकारी, पतपेढी सहकारी, पाणीसुद्धा सहकारी. इथे माणूस जन्माला येतो तोच सभासद होऊन, आणि ‘मंजूर’ म्हणायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

फक्त आमची संस्था दुधाची नाही, श्वासाची आहे.

‘प्राणमित्र’मध्ये आम्ही श्वासाच्या पेट्या बनवतो. मानेचा मणका मोडलेल्या माणसाचा मेंदू ‘श्वास घे’ म्हणत असतो, पण तो निरोप छातीखालच्या श्वासपटलापर्यंत पोचत नाही. मग शस्त्रक्रिया करून तिथल्या नसेला एक चिमुकलं यंत्र जोडतात. छातीवर चिकटवलेल्या दोन कड्यांमधून बाहेरची पेटी त्या यंत्राला ठरावीक वेळाने इशारा देत राहते. इशारा मिळाला की श्वासपटल आकसतं आणि हवा आत येते. इशारा थांबला की माणूस थांबतो. यापेक्षा जास्त काही समजून घ्यायची गरज नाही.

पेटीत एक छोटा संगणक असतो आणि त्यावर ओपन सोर्स कार्यप्रणाली चालते. तिचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, फुकट वाटता येतो. पेट्या सभासदांच्या मालकीच्या, कोड सगळ्या जगाच्या मालकीचा, याचा आम्हाला केवढा अभिमान! तो कोड सांभाळायचं काम माझं. मी सुनेत्रा मगदूम. जोडीला कुलभूषण नावाचा एक इंजिनियर आहे. आम्ही दोघंच.

आणि माझा धाकटा भाऊ सन्मती याच पेटीवर जगतो. कॉलेजात असताना कृष्णेत सूर मारला. पाणी होतं त्यापेक्षा जास्त आहे असं त्याला वाटलं.

त्या वर्षीच्या विषयपत्रिकेवर ‘सूत्रधार’ होता.

तोवर आमच्या पेटीत पुष्कळ छोटे छोटे प्रोग्रॅम होते. एक वेळ बघायचा, एक नोंदी ठेवायचा, एक आत येणाऱ्याची ओळख तपासायचा आणि एक श्वास द्यायचा. कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. पण पेटी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची वेळ आली की लग्नाला निघालेल्या घरासारखी गत. एकाचं आवरलं तर दुसऱ्याचं नाही. मिनिटभर तरी जायचंच, आणि तेवढा वेळ घरच्यांनी गळ्यात बसवलेल्या नळीला रबरी पिशवी लावून हाताने दाबत राहायचं. म्हणून प्रत्येक पलंगाशेजारी खुंटीला अशी एक पिशवी टांगलेली असते.

सूत्रधार हा जगभरच्या कार्यकर्त्यांनी मिळून लिहिलेला एकच मोठा घटक. त्याचं मूळ नाव आण्णांच्या जिभेला झेपेना, म्हणून हे बारसं आम्ही केलं. वेळ, नोंद, ओळख, संपर्क, सगळं तो स्वतःच्या पोटात घेतो, कुणी कुणाच्या आधी उठायचं ते ठरवतो आणि सगळ्यांना एकदम उठवतो. पेटी दोन सेकंदांत जागी. काम झकास होतं, यात माझी तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की एकदा हा घरात आला की बाकीचे सगळे हळूहळू त्याच्याच खांद्यावर रेलतात, आणि मग त्याला बाहेर काढता येत नाही.

हेच सांगायला मी सभेत उभी राहिले. “आण्णा, सूत्रधारासोबत एक यादी आहे. अत्यावश्यक कामांची. ती निदान वाचून तरी—”

“मंजूर!” मागून.

पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत सन्मती होता. तो मान वळवू शकत नाही, त्याने नुसते डोळे माझ्याकडे फिरवले. जुनी पेटी ठरल्या तालात श्वास द्यायची आणि त्याला बोलायचं ते फक्त हवा बाहेर जाताना.

“अक्का… पेटी सुरू… होईपर्यंत… तू श्वास… न घेता… बस. मग… बोल.”

मंडपात कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येक घराने ते मिनिट कधी ना कधी मोजलेलं होतं. मी बसले. दुसरं काय करणार?

मग सन्मतीने पुढचा श्वास येऊ दिला आणि मोठ्याने म्हणाला, “मंजूर!” हा शब्द एका श्वासात मावतो. त्याच्यामागून सगळा मंडप दणाणला. आण्णांनी इतिवृत्तात लिहायला सांगितलं, “सूत्रधार व सोबतची यादी जशीच्या तशी, एकमताने मंजूर.” आणि जिलबी आली.

यादी मी घरी येऊन वाचली. अडचणीच्या वेळी सूत्रधाराने काय काय सोडायचं नाही, याची ती यादी होती. वेळ, ओळख, नोंद, संपर्क. श्वास नव्हता. लिहिणाऱ्यांची चूक म्हणावी तर तसंही नाही. त्यांनी ती बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या संगणकांसाठी लिहिली होती, आणि तिथे संगणकावर कुणाचा श्वास अवलंबून नसतो.

मी आण्णांकडे गेले. ते म्हणाले, “व्हय की, चूक हाय. पण सभेनं मंजूर केलेलं सभेलाच बदलाय पायजे. पुढच्या सभंत घेऊ.”

पुढच्या सभेत खरंच घेतलं. यादीत श्वास घालण्याचा ठराव विषय क्रमांक बारा होता. आणि विषय क्रमांक तीन होता, मागील सभेचे ठराव जसेच्या तसे कायम करणे. त्या वर्षी जिलबीवाला लवकर आला, म्हणून एक ते बारा विषय एकदमच मंजूर झाले. यादी बदलू नये आणि यादी बदलावी, दोन्ही, एकमताने. यातलं कुठलं धरायचं म्हणून कार्यालयाने वरच्या निबंधकांकडे खुलासा मागवला. मी दर आठवड्याला विचारायची आणि कारकून मान हलवायचा. खुलासा काही आला नाही.

मधल्या काळात सूत्रधाराने आमचं घर सुखाने भरलं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी ठरेल.

श्वास आता एकटा राहिला नव्हता. सन्मतीच्या गळ्याच्या स्नायूंवरून सूत्रधाराला कळायचं की याला बोलायचंय, आणि तो श्वास बाहेर सोडणं लांबवायचा. खुर्ची चढावर लागली की श्वास जलद. झोप लागली की संथ. सन्मतीची वाक्यं जुळून आली. तो घरून दहावीच्या मुलांना भूमिती शिकवायचा. आधी पालक कुरकुरायचे, “सर शिकवतात चांगलं, पण प्रमेय संपेपर्यंत पोरं झोपतात.” आता वर्गात जागा मिळेना.

त्याची बायको त्रिशला मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “अक्का, खरं सांगू? सगळ्यात काय बरं झालं असेल तर मला भांडता येतंय. आधी मी दहा वाक्यं बोलायचे आणि ह्यांचं एक व्हायचं. मलाच लाज वाटायची. आता पठ्ठ्या तोडीस तोड बोलतो.”

“आणि जिंकतं कोण?”

“जिंकते मीच. पण आता खरं जिंकते.”

हे ऐकल्यावर सूत्रधाराविरुद्ध काय बोलायचं?

मात्र मला भीती होती तेच होत गेलं. खुर्चीच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, ती सूत्रधाराशिवाय सुरू होईना. मग पडद्याची आली, मग फोनची. जुन्या सुट्या प्रोग्रॅमांची देखभाल करणारे जगभरचे लोक एकेक करून थकले आणि घरी बसले. कोड अजून खुलाच होता. सूत्रधार काढून टाकायची पूर्ण मोकळीक होती, फक्त काढल्यावर काहीच चाललं नसतं. अख्खी प्रणाली स्वतः सांभाळायची तर शंभर माणसं हवीत, आणि आमच्याकडे मी आणि कुलभूषण.

चैत्रातली उतरती दुपार होती. मी सन्मतीकडे कैरीची डाळ खायला गेले होते. निपाणीच्या लग्नाला जायचं की नाही यावर नवरा-बायकोची जुंपली होती.

“तुझ्या मामाने आपल्या लग्नात तरी—” सन्मती म्हणाला, तेवढ्यात कुठेतरी लांब मोठा आवाज झाला. सबस्टेशनमध्ये काहीतरी उडालं होतं. पंखा थांबला, दिवा लख्ख उजळला आणि विझला. विजेचा असा झटका आला की पेटी स्वतःला वाचवायला बंद होते आणि लगेच सुरू होते. तशी ती झाली. दोन सेकंदांत पडदा उजळला. सगळं हिरवं.

“माझ्या मामाने काय?” त्रिशला म्हणाली. “बोला की आता. का सुचंना?”

सन्मती बोलला नाही. त्याचे डोळे मोठे झाले होते आणि माझ्याकडे लागले होते. मी पडद्याकडे बघितलं. हिरवा. वेळ बरोबर, संपर्क बरोबर, एकही धोक्याची सूचना नाही. मी पुन्हा सन्मतीकडे बघितलं आणि मला दिसलं की त्याची छाती हलत नाहीये.

“पिशवी!” मी ओरडले.

त्रिशलाने खुंटीवरची पिशवी ओढली, गळ्याच्या नळीला लावली आणि दाबायला लागली. मी शेजारची राखीव पेटी जोडली. तीही दोन सेकंदांत उठली. तीही हिरवी. छाती तशीच. राखीव पेटीवरही तोच सूत्रधार होता, मग ती वेगळं काय करणार?

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की त्या झटक्याने तालुक्यात आणखीही पेट्या बंद-सुरू झाल्या असणार. मी फोन काढला. आधी मिनिटभरात पेटीला हाताने आज्ञा देऊन सन्मतीचा श्वास सुरू केला, आणि मग एकेका घरी फोन लावत सुटले. प्रत्येक घरी तोच गोंधळ. “ताई, पडदा तर हिरवा हाय…” आणि मी ओरडतेय, “पडदा बघू नका, छाती बघा! पिशवी घ्या, छाती बघा!”

बहुतेक घरी पलंगाशेजारी कुणी ना कुणी होतं, मी फोनवरून पेटीला द्यायची आज्ञा सांगत गेले. वेळ निभावली. खंजिरेंचा फोन मात्र वाजत राहिला. मी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. सुलोचना खंजिरे ही आमची जुनी सभासद, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिचे यजमान जिनपाल या वेळी डेअरीला दूध घालायला जातात आणि फोन घरीच ठेवून जातात, हे मला माहीत होतं. तरी मी फोन लावत राहिले.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन बसले. जिनपाल बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते.

“आलो मी डेअरीतनं,” ते सांगायला लागले. मी विचारलं नव्हतं. “दारातनंच बघितलं, पडदा हिरवा हाय. म्हटलं झोप लागली असंल. च्या टाकला. आतनंच हाक मारली, घोटभर घेणार का म्हणून. दोनदा मारली.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “हिरवा हुता की वो, ताई.”

मला रडू आवरलं नाही. त्यांनीच उठून मला पाणी दिलं.

काय घडलं ते शोधायला फार वेळ लागला नाही, आणि हेच मनाला जास्त लागलं. सूत्रधाराच्या नव्या आवृत्तीत एक चांगली सुधारणा होती. कुणी पेटीला खोटी वेळ देऊन फसवू नये, म्हणून वेळेने आता आधी ओळखीसाठी थांबायचं. ओळख नोंदीसाठी थांबायची. नोंद आमच्याच एका नियमानुसार श्वासासाठी थांबायची, कारण नोंदीची सुरुवात पहिल्या श्वासानेच व्हावी असं आम्ही ठरवलं होतं. आणि श्वास थांबायचा वेळेसाठी. म्हणजे झालं वर्तुळ. चौघं एकमेकांसाठी दारात उभे, आधी तू, आधी तू.

चालू पेटीत हे दिसत नाही. पेटी बंद होऊन उठते तेव्हाच दिसतं, आणि दोन वर्षांत पेट्या बंद पडल्याच नव्हत्या. त्याचं तर आम्ही कौतुक करत होतो. असं वर्तुळ सापडलं तर काय करायचं हे सूत्रधारात लिहिलेलं आहे, कुणीही वाचावं. जे काम अत्यावश्यक यादीत नाही, ते त्या फेरीपुरतं वगळायचं आणि बाकीच्यांना पुढे जाऊ द्यायचं. त्याने यादी बघितली. वेळ होती, ओळख होती, नोंद होती. त्याने श्वास वगळला. धोक्याची घंटा वाजली नाही, कारण घंटा चालू काम बंद पडलं तर वाजते. हे काम त्याने कामांतूनच काढून टाकलं होतं. न सुरू झालेल्या गोष्टीबद्दल तक्रार कोण करणार? उरलेलं सगळं उत्तम चाललं होतं, म्हणून पडदा हिरवा.

मी सूत्रधाराच्या कर्त्यांना लिहिलं. उत्तर सभ्य होतं, मनापासून दुःख कळवलेलं होतं. पुढे म्हटलं होतं की घटक लिहिल्याप्रमाणेच वागला आहे, यादी बदलण्याची मुभा प्रत्येकाला आहे आणि कोड खुला आहे. एकही शब्द खोटा नव्हता.

आण्णांनी खास सभा बोलावली. ठराव मी लिहायचा होता. त्याआधी मी सन्मतीकडे गेले, कारण ठरावाप्रमाणे बदललेली पहिली पेटी त्याचीच असावी असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी ती कुणाचीही असावी, त्याची नको, असंही वाटत होतं.

“यादीत श्वास घाल आणि मोकळी हो,” तो म्हणाला. त्याची वाक्यं अजून अखंड होती. “एका ओळीचं काम आहे अक्का, त्यासाठी एवढं डोक्याला हात लावून काय बसलीस?”

“यादीत घातला तर तो श्वास सोडणार नाही, दुसरं काहीतरी सोडेल. समज वेळ सोडली, आणि श्वास वेळेची वाट बघत बसला तर? सन्मती, श्वासाने कुणासाठी थांबताच कामा नये. त्याला वेगळा काढायचा. स्वतःची छोटी चकती, म्हणजे चिप, स्वतःची बॅटरी, एकच प्रोग्रॅम. कुणाला विचारायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही.”

तो हुशार आहे. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. “म्हणजे मी बोलतोय हेही त्याला कळणार नाही.”

“नाही.”

“पुन्हा ठरल्या तालात.”

“नुसतं ऐकायचं पण थांबायचं नाही, असं पुढे करता येईल. पण ते शंभर टक्के खात्रीचं करायला आम्हा दोघांना दोन वर्षं तरी लागतील.”

त्रिशला दारात उभी होती. “तुमच्या संस्थेची दोन वर्षं मला ठाऊक आहेत,” ती म्हणाली. “खुलासा आला का अजून? सांगा की, अक्का. ह्या घरात आम्ही तिघं होतो त्या दिवशी, काही झालं नाही. मी ह्यांना सोडून कुठं जात नाही. मी छाती बघत बसेन, रात्रंदिवस बघेन. पण ह्यांचं बोलणं नेऊ नका.”

“त्रिशला,” सन्मती म्हणाला, “सुलोचनाबाईंचे यजमान काही हिंडायला गेले नव्हते, रोजचं दूध घालायला गेले होते, आणि तू उद्या मीठ आणायला शेजारी गेलीस तर तेवढ्यात मी मरू शकतो आणि मग आयुष्यभर तू त्या मिठाला हात लावणार नाहीस, म्हणून मी हे करणार आहे, आणि हे वाक्य मी मुद्दाम एवढं लांब केलं, कारण पुन्हा कधी जमेल माहीत नाही.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. सगळी घासलेलीच होती. दोन दिवसांनी मी चकती बसवली तेव्हाही ती आतच होती.

खास सभेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. जिनपाल पहिल्या रांगेत बसले होते. सन्मती त्यांच्या शेजारी आणि त्याच्या पलीकडे त्रिशला. दुःखाच्या सभेला जिलबी बरी दिसत नाही म्हणून आण्णांनी नुसता चहा सांगितला होता. त्यांनी माइकवर टिचक्या मारल्या.

“विषय क्रमांक एक. श्वासाचं काम सूत्रधारापासनं कायमचं वेगळं करणे, आणि सोबतच्या मसुद्याप्रमाणे…”

“मंजूर! मंजूर!”

पूर्वी कधी नाही एवढ्या जोरात. लाजेपोटी, भीतीपोटी, सुलोचनाबाईंच्या आठवणीपोटी, पण तोच शब्द, तसाच. आणि मी काय करत होते? मी सुटकेचा निःश्वास टाकत होते. ठराव माझा होता, मंजूर होत होता, मला आणखी काय हवं होतं?

“ना…” पहिल्या रांगेतून आलं.

आवाज छोटा होता. आण्णांनी हात वर करून मंडप गप्प केला. सन्मतीची छाती वर झाली, तिच्या वेळेला, सावकाश. सगळे थांबले.

“…मंजूर.”

“आरं सन्मती,” आण्णा चकित झाले, “तुझ्याच बहिणीचा ठराव हाय. तूच पयली पेटी बसवून घेतलीस न्हवं?”

“वाचा…” छाती खाली गेली, वर आली. “…आधी.”

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणी पुटपुटलं, की सहा पानं आहेत, संध्याकाळ होईल. सन्मती बोलत राहिला आणि त्या मंडपाला, ज्याने आजवर एक वाक्य पुरं ऐकून घेतलं नव्हतं, प्रत्येक शब्दासाठी थांबावं लागलं.

“सूत्रधाराच्या वेळी… मोठा मंजूर… माझा होता… यादी… मी… वाचली नव्हती.”

जिनपाल उठून उभे राहिले. “मीबी वरडलो हुतो त्या दिवशी,” ते म्हणाले. “सुलोचना म्हणाली हुती, आवो ऐका की काय म्हणत्यात सुनेत्राताई. वाचा आण्णा. मी बसलोय. मला आता घरला जायाची घाई न्हाई.”

आण्णांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. सहाच्या सहा पानं. चहा निवला, कुणी उठलं नाही. तिसऱ्या पानावर लोकांनी विचारायला सुरुवात केली. बोलताना श्वास पुरणार नाही म्हणजे किती? चढावर खुर्ची थांबवावी लागेल का? माझी मुलगी फोनवर नोकरी करते, तिचं काय? मी उत्तरं दिली. काहींना माझ्याकडे उत्तर नव्हतं, तेही सांगितलं. ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरत गेले, कारण आपण कशाला हो म्हणतोय ते आता त्यांना कळत होतं.

मग आण्णा म्हणाले, “हात वर करा.”

आमच्या संस्थेत मतदानाला हात कधी वर झाले नव्हते. ओरडून भागायचं. एकेक हात वर गेला. कुणी स्वतःचा केला, कुणी खुर्चीतल्या माणसाचा हात धरून वर केला. जिनपालांनी केला. मी सन्मतीकडे बघितलं. त्याचा हात मांडीवर होता, आणि तो स्वतःहून उचलता येत नाही हे त्रिशलापेक्षा चांगलं कुणाला माहीत?

ती समोर बघत बसली होती. मला वाटलं, आता ती काही करणार नाही. मग तिने त्याचं मनगट धरलं, कोपराखाली आपला तळवा ठेवला आणि त्याचा हात वर केला. सरळ, सगळ्यांना दिसेल असा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

आण्णांनी मोजले. सन्मतीचा हात तिने अलगद खाली ठेवला. “विरोधात कुणी?” त्यांनी सवयीने विचारलं आणि सवयीनेच कारकुनाकडे वळले. “लिही, एकमतानं मं—”

त्रिशलाने स्वतःचा हात वर केला.

आण्णा गडबडले. “पोरी, आता तूच त्याचा हात… नवऱ्याच्याच भल्याचं न्हवं का हे? आपण एकमतानं लिहू. तसंच बरं दिसतं.”

सन्मतीने श्वासाची वाट बघितली. त्याच्याबरोबर आम्हीही सगळ्यांनी बघितली.

“नाही,” तो म्हणाला. “एक विरोध… लिहा… आण्णा. नाव… घालून… लिहा.”